हललेला फोटो

देवळाली कॅम्प,
२४ ऑगस्ट २०२५

गोटीराम,

तुला आणि आक्काबाईला जोडीने आम्हा दोघांचे आशीर्वाद. फोन करून उपयोग नाही, लूमच्या खडखडाटात तुझे कान गेले. व्हिडिओवर बोलावं तर तू माझे ओठ बघत "हो दाजी, हो दाजी" करतोस आणि मग ताईला कळवतोस की काहीच समजलं नाही. मोबाइलवर टाइप करायला गेलो तर एका अक्षरावर बोट ठेवावं आणि शेजारचं उमटावं, असले फोन निघालेत आता. म्हणून पत्र. पुंजा साड्यांचे गठ्ठे घेऊन दर आठवड्याला मालेगावहून नाशिकला येतोच, त्याच्या हाती देतो.

काम असं आहे. तू सगळी हयात वायरी जोडण्यात घालवलीस, तर मला कॅमेऱ्यासाठी तारेचं एक बटण करून दे. कॅमेरा स्टँडवर राहील, त्यातून तार निघेल आणि मी बाजूला उभा राहून बटण दाबलं की फोटो निघेल. कॅमेऱ्याला हात लागता कामा नये. दिनेशने लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतलेला कॅमेरा आहे. आता चिरंजीव दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात आणि कॅमेरा कपाटात झोपलेला असतो. त्याच्या कुशीला रबरी झाकणाखाली एक बारीक भोक आहे, त्यात पिन बसते म्हणे. असलं बटण बाजारात मिळतं, मला माहीत आहे. पण ते दिनेशला मागवायला सांगावं लागेल आणि तो कशाला कशाला म्हणून डोकं खाईल.

तुला सांगतो कशाला ते. तुझ्या ताईचा पाडव्याचा फोटो. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्यापासून मी तिचा दर वर्षी एक फोटो काढत आलोय. मला ओवाळून झालं की ती तबक घेऊन दुकानातल्या त्याच लाकडी खुर्चीत बसते, आणि मी एकच फोटो काढतो. गेल्या वर्षीचा हलला. कारण तोफखान्याचा सराव. तोफ उडाली की दुकानाची जमीन हादरते, काचा वाजतात, आणि हात कॅमेऱ्यावर असला की तो हादरा हातातून आत जातो. हल्ली सराव फारच वाढलाय.

हललेला फोटो दुकानाबाहेर जात नाही, हा नियम तुला आठवत असेल. तू पुढच्या फळीवर रेडिओ दुरुस्त करायचास तेव्हाही तोच होता. फोटो उजेडात धरून पारखायचा, चोख असला तर पाठीवर 'सिंधू फोटो स्टुडिओ'चा शिक्का, नाहीतर कचऱ्यात. जवान पोरं पोस्टिंगवर निघायच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन फोटो काढायला यायची. त्यांना हललेला फोटो देऊन कसं चाललं असतं? तुझ्या ताईचा गेल्या पाडव्याचा फोटो कचऱ्यात टाकायला हात झाला नाही. बिनशिक्क्याचा ड्रॉवरमध्ये पडलाय. भिंतीवर त्याची जागा रिकामी आहे आणि जाता-येता ती डोळ्यांत येते.

कॅमेऱ्यात टायमर असतो, असं तूही म्हणशील. टायमरला काय कळतं? तो दिवा मिचकावत बसतो आणि तुझी ताई पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ होते. ज्योत विझली नाही ना, हे बघून ती मान वर करते, त्या एका क्षणाला तिचा चेहरा खरा तिचा असतो. तो क्षण मला कळतो, म्हणून बटण माझ्या हातात हवं. दिनेश म्हणतो मोबाइलने काढून देतो. त्याने काढला तर तो दिनेशचा फोटो झाला.

ताईला यातलं काही कळवू नकोस. दिवाळीच्या आत होईल असं बघ.

खंडेराव


मालेगाव,
२ सप्टेंबर

दाजी,

पाया पडतो. तुमचं पत्र वाचायला माझा चष्मा आणि आक्काबाईचा चष्मा एकावर एक लावावा लागला. देवळालीत कागद महागलाय का? तुमचं अक्षर म्हणजे दुकानाची पाटी होती. आता पहिली ओळ ठीक, आणि शेवटाला येईतो मुंग्यांची रांग. आक्काबाईने कागद उलटसुलट करून विचारलं, "हाई काय शे? खसखस सांडेल शे का?"

काम सोपं निघालं. इथला कुंदन लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडे तसाच कॅमेरा आहे. जुन्या मोबाइलच्या हेडफोनची बारीक पिन त्या भोकात चपखल बसते. पिनेतून तीन तारा निघतात. एक सामाईक. दुसरी तिला टेकवली की कॅमेरा नजर जुळवतो, म्हणजे फोकस करतो, आणि तिसरी टेकवली की फोटो घेतो. एवढंच आहे हो! मी दुसरी आणि तिसरी एकत्र पिळून टाकली आणि मधे दाराच्या बेलचं बटण बसवलं. नजर तुम्ही हातानेच जुळवता, कॅमेऱ्याला कशाला तसदी. बटण दाबलं की तारा टेकतात, सोडलं की सुटतात.

कुंदनच्या कॅमेऱ्यावर लावून बघितलं. मला खटका ऐकू येत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवला. आत कुणी टिचकी मारावी तसं लागतं. मला बरं वाटलं ते.

तोफांचं वाचून मात्र नवल वाटलं. मी तिथे होतो तेव्हा तुम्ही दोन तोफांच्या मधे फोटो काढायचात. धडाम झालं की गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हणायचं, श्वास रोखायचा, आणि पुढची उडायच्या आत बटण. काचा वाजायच्या, भिंतीवरचे हार हलायचे, पण तुमचा फोटो हललेला मी पाहिला नाही. आता काय आणखी मोठ्या तोफा आणल्या का?

पुंजाजवळ डबी दिली आहे. ताईला नमस्कार. तिला काही बोललो नाही.

गोटीराम


देवळाली कॅम्प,
१० सप्टेंबर

गोटीराम,

डबी मिळाली. बटण दिसायला छान आहे, पण सदोष आहे. एकदा दाबलं की तीन-तीन, चार-चार फोटो निघतात. बोट नुसतं जवळ नेलं तरी उडतं, आणि हवं तेव्हा उडत नाही. बेलची बटणं असलीच, दारात कुणी नसताना वाजणारी. चांगलं घट्ट बटण बघून लाव.

इकडे सराव चालूच आहे.

खंडेराव


मालेगाव,
१७ सप्टेंबर

दाजी,

राग मानू नका, पण मला राग आला. तुम्ही परत पाठवलेलं बटण मी टॉर्चच्या बल्बला जोडून तपासलं. दाबलं की एकदाच पेटतो. आक्काबाईने दाबून बघितलं, कुंदनने बघितलं, शेजारच्या पोरींनी खेळ म्हणून दाबून बघितलं. एकदाच पेटतो. नाचणाऱ्याची ती म्हण मी तुम्हाला लिहीत नाही, तुम्ही थोरले आहात. पण अंगण बिचारं सरळ आहे, एवढं सांगतो.

तरी तुमच्या समाधानासाठी दुसरं केलंय. लूम चालू करायचं हिरवं बटण असतं, ते लावलंय. अंगठ्याने चांगला जोर दिल्याशिवाय ते जागचं हलत नाही. याच्यावर माशी बसो की तोफ उडो, आपोआप फोटो निघणार नाही.

आणि एक विचारतो. दिवाळीत तोफखान्याला सुट्टी असते ना? पाडव्याला आपण कधीच तोफ ऐकलेली नाही. माझे कान शाबूत होते तेव्हाची गोष्ट आहे. मग गेल्या पाडव्याचा फोटो कुणी हलवला?

इकडे आक्काबाई न्हाणीत घसरली आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर आहे. तिला सोडून मला यंदा भाऊबीजेला येता येणार नाही. ताईला वाईट वाटेल, तुम्ही समजवा.

गोटीराम


देवळाली कॅम्प,
२६ सप्टेंबर

गोटीराम,

आक्काबाईला जप. म्हातारपणी हाड जुळायला वेळ लागतो.

दुसरं बटणही परत पाठवतोय. ते दाबायला जोर दिला की अंगठा घसरतो. अंगण सरळ आहे असं लिहिलंस, ते बरोबर आहे. यंदापासून पाडव्याचा फोटो बंद. या वयात कसली हौस? कॅमेरा विकून टाक म्हणून दिनेशला सांगितलं आहे.

दिवाळीत सराव नसतो. हे मी विसरलो होतो.

खंडेराव


देवळाली कॅम्प,
२८ सप्टेंबर

गोट्या,

ताईचं पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जागेवर आहेत. आक्काबाईच्या पायाचं ऐकून जीव हळहळला. भाऊबीजेचं मनावर घेऊ नकोस, तुझ्या नावाने चंद्राला ओवाळीन.

तुझं अंगणाचं पत्र मी वाचलं. ह्यांनी ते दुकानातल्या टेबलावर तसंच उघडं टाकलं होतं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पोटात गच्च वाटतंय म्हणाले आणि उठून गेले. तुझी चूक नाही रे, तुला कुणी सांगितलं होतं? पण आता मी सांगते. बटणात दोष नाही. तोफांतही नाही. ह्यांचा हात कापतो.

दोन वर्षं होत आली. आधी नुसता उजव्या हाताचा अंगठा, बसल्या बसल्या पैसे मोजल्यासारखा हलायचा. मग सगळा हात. कपडे घालताना शर्टाची बटणं लागेनात. मी गुपचूप बटणांच्या मागे टिचबटणं शिवून ठेवली. शर्ट आता आपोआप लागतो असं त्यांना वाटतं. कप भरून दिला की चहा बशीत सांडतो, म्हणून मी अर्धाच कप देते, आणि मागितला की पुन्हा अर्धा. एकदा पाव आणायला जातो म्हणून नाशिकला गेले आणि दुपार उलटल्यावर पाव न घेताच आले. डॉक्टरकडे गेले होते. गोळ्या फिल्मच्या काळ्या डबीत लपवतात आणि डबी शेल्फवर मागे ठेवतात. त्या शेल्फवरची धूळ मी रोज पुसते, हे पुरुषांच्या डोक्यात कुठून येणार? दिनेशने डबीतली गोळी औषधाच्या दुकानात दाखवून विचारलं. कंपवाताची आहे.

तू म्हणशील, मग बोलत का नाहीस? गोट्या, हे आयुष्यभर लोकांना "हलू नका" सांगत आले. आता स्वतःच्या हाताला तेच सांगून दमलेत. मी बोलले की त्या दिवसापासून ते कॅमेऱ्याला हात लावणार नाहीत, आणि मग उरेल काय त्यांच्याजवळ? मी नुसतं बघत राहते. कधी कधी मोरीवर नळ मोठा सोडून रडते. तुला खोटं कशाला सांगू.

त्यांनी फोटो बंद म्हटलंय, पण कॅमेरा विकलेला नाही. मी दिनेशला दम देऊन ठेवलाय. तू काहीतरी कर. तुझ्या लूमच्या डोक्याने कर. कापत्या हाताला जमेल असं काही.

आणि तार लांब कर. माझ्या खुर्चीपर्यंत येऊन उरेल एवढी. ते का, ते ऐक. भिंतीवर ओळीने माझे फोटो आहेत. पहिल्यात मी चवळीच्या शेंगेसारखी, शेवटच्यात ही अशी. सगळ्यांत मी एकटी. परकं माणूस दुकानात आलं तर म्हणेल, ह्या बाईला नवरा नव्हताच. काढणारा कधी दिसतो का फोटोत? यंदा मला ते शेजारी हवेत. पुढच्या पाडव्याला हात कुठवर गेलेला असेल, कुणी सांगावं?

मला माहीत आहे, हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझी ताई


मालेगाव,
७ ऑक्टोबर

दाजी,

अंगणाचं मी मागे घेतो. ते लिहिलेलं बोट कापून टाकावंसं वाटलं. चूक माझ्या वायरिंगचीच होती, आणि ती मला आता सापडली.

तुम्ही लूमवर कधी आला नाहीत, म्हणून सांगतो. मागावर हजारो धागे ताणलेले असतात. दर धाग्यावर एक पातळ पत्री लटकते. धागा ताठ आहे तोवर पत्री वर. धागा तुटला की पत्री खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते आणि माग जागच्या जागी थांबतो. कुणी काही दाबत नाही. सुटलं की काम होतं. असली हजारो कनेक्शनं मी दुरुस्त केली आणि तुमच्यासाठी मात्र दाबायची बटणं करत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डबीत कपड्यांचा चिमटा आहे. हसू नका. त्याच्या दोन ओठांना आतून पितळी पत्री बसवली आहे. चिमटा मुठीत दाबून धरलात की ओठ उघडे राहतात आणि काही होत नाही. हवा तेवढा वेळ धरा. चांगला करकचून धरा, हात कसाही असो, घट्ट मूठ कमी हलते. ज्या क्षणी फोटो हवा त्या क्षणी नुसतं सोडा. ओठ मिटतात, तारा टेकतात, फोटो निघतो. कॅमेरा तेवढा एका वेळी एकच फोटो यावर ठेवा, आणि पिन खोचायच्या आधी चिमटा दाबून धरा.

तार लांब केली आहे. आखूड तारेने कॅमेऱ्याला ओढ बसते, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आता माझं एक सांगतो. कान जायला लागले तेव्हा मी कुणाला बोललो नाही. लूमवर सगळेच ओरडून बोलतात, तिथे खपून गेलं. घरी आक्काबाई काही म्हणाली की हसून मान हलवायची. एकदा तिने रागाने विचारलं, मी माहेरी निघून जाऊ का? मी हसून म्हटलं, "हो, जा की." गेली! परत आली ती समोर पाट घेऊन बसली आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून सावकाश म्हणाली, "माले माहीत शे." ओठांवरून कळलं मला. दाजी, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. लपवण्यात किती ताकद जाते, हे लपवणं थांबल्यावरच कळतं.

तुम्हाला सहज म्हणून लिहिलं. चिमटा कसा चालतो ते कळवा.

गोटीराम


देवळाली कॅम्प,
१३ ऑक्टोबर

गोटीराम,

चिमटा चालला. पहिल्याच खेपेला. दुकान बंद करून खुर्चीवर पितळी तांब्या ठेवला आणि सोडलं. तांब्याच्या काठावरचा पोचासुद्धा स्पष्ट आला.

'हात कसाही असो' वाचलं तेव्हा समजलं की तुला कळलंय. कसं, ते विचारत नाही. अक्षरावरून असेल. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. उद्या घास धरता आला नाही तरी मी कसंतरी निभावीन. मला भीती वेगळीच आहे. तुमच्या घरी मी ताईला बघायला आलो, तेव्हा तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलाला शेत किती? मधला माणूस म्हणाला, शेत नाही, पण हात स्थिर आहे, पोरगी उपाशी राहणार नाही. त्या एका शब्दावर तुझी ताई माझ्या घरी आली. आता मी तिला काय तोंड दाखवू?

तिला अजून काही माहीत नाही. तेवढं सांभाळ. हल्ली ती चहाही अर्धा कपच देते. दिनेशच्या दुकानात गिऱ्हाईक कमी, म्हणून काटकसर करत असेल. मी बोलत नाही.

कॅमेरा विकायचा नाही म्हणून दिनेशला सांगितलं. त्याने जाहिरातच दिली नव्हती. आळशी आहे, पण या वेळी बरं झालं.

तार फारच लांब केलीस. तिच्यावर कपडे वाळत घालता येतील. चिमटा आहेच.

खंडेराव


देवळाली कॅम्प,
२५ ऑक्टोबर

गोट्या,

पाडवा झाला. भाऊबीजेला तुझ्या नावाने चंद्राला ओवाळलं आणि तुझ्या वाटची करंजी खाल्ली. पुंजाजवळ फराळाचा डबा देते आहे. डब्यात वर एक पाकीट आहे, ते आधी काढ, तेल लागेल. पण उघडू नकोस, हे वाचून झाल्यावर उघड.

ह्यांना पाटावर बसवून ओवाळलं. मग दिनेशला कशाला तरी बाहेर पिटाळलं आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. दरवर्षीसारखी समई लावली. तुला माहीत आहे, माझ्या फोटोला हे कधी फ्लॅश लावत नाहीत. समईच्या उजेडात शटर सावकाश मिटतं, तेवढा वेळ माणसाने स्तब्ध राहायचं. मी खुर्चीत बसले. हे कॅमेऱ्यामागे गेले, नजर जुळवली, चिमटा मुठीत धरून बाजूला उभे राहिले. मी म्हटलं, "तार एवढी लांब आहे, तर इकडे येऊन बसा."

"मी? मग कॅमेऱ्यात कोण बघणार?"

"इतकी वर्षं बघितलंत ना? आता इकडे बघा."

मला वाटलं, नाही म्हणतात. पण मी खुर्चीशेजारी स्टूल आधीच आणून ठेवलं होतं. ते त्यांनी बघितलं आणि आले.

मी तबक मांडीवर घेतलं. ज्योतीकडे बघितलं, मान वर केली. फोटो निघाला नाही. पुन्हा बघितलं, पुन्हा मान वर केली. नाही निघाला. चोरून बघते तर चिमट्याची मूठ इतकी आवळलेली, की बोटं पांढरी पडली होती. तू घट्ट धरा म्हणालास, ते त्यांनी धरलं, पण सोडायचा धीर होईना. हललाच तर? ह्या वर्षीही हलला तर? कपाळावर घाम आला होता. आणि दुसरा हात, मोकळा होता तो, मांडीवर थरथरत होता. आता दोन्ही हातांत आलंय, गोट्या. तो हात ते हळूच मांडीखाली सारायला लागले. माझ्यापासून लपवायला.

ते मला बघवलं नाही. तबक एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने तो हात धरला. चांगला घट्ट धरला. ते दचकून माझ्याकडे वळले आणि मूठ सुटली. कॅमेऱ्यात खट् झालं.

मग उठून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं त्यांनी. "हललाय," म्हणाले. "हा काही दुकानाबाहेर जायचा नाही."

मी चष्मा लावून बघितला. माझ्या नथीचे मोती मोजून घ्यावेत असे आलेत. ज्योत आली आहे. त्यांच्या शर्टाची घडी आली आहे, आणि त्यांचा चेहरा. कॅमेऱ्याकडे बघत नाहीत ते, माझ्याकडे बघतायत. फक्त मधे, माझ्या हातात त्यांचा हात आहे तिथे, धुकं उतरल्यासारखं झालंय.

मी म्हटलं, "फोटो नाही हललेला. हात हललाय. तुमचा हात हलतो, मला माहीत आहे."

ते खाली बसले. मग विचारलं, "कधीपासून?"

"अर्ध्या कपापासून."

"म्हणजे ती काटकसर नव्हती?" असं म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. त्यांच्या आईच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना स्थिर हात सांगितला होता." मी म्हटलं, "वडिलांनी हात बघितला असेल, मी तुम्हाला बघितलं होतं." त्या वयात लाज सोडून कुणी असं बोलतं का? म्हणून आता बोलले.

चहा आता भरून देते. सांडला तर सांडला, पुसायला फडकं आहे. टिचबटणांचंही सांगून टाकलं. गोळ्यांची डबी शेल्फवर पुढे आणून ठेवली आहे. हात बरा होणार नाही, ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पण आता रात्री अंथरुणावर तो हलायला लागला की मी धरते, आणि ते काढून घेत नाहीत.

दिनेशकडून दोन प्रती छापून घेतल्या. एक भिंतीसाठी, एक तुझ्यासाठी. दोन दिवस त्या टेबलावर पडून होत्या. हे यायचे, उजेडात धरायचे, पुन्हा ठेवायचे. आज सकाळी शिक्का आणि शाईचं पॅड काढलं. मी विचारलं, मी मारून देऊ का? नको म्हणाले.

आता पाकीट उघड. फोटो बघून झाला की उलटा कर. शिक्का वाकडा पडलाय आणि दोनदा उमटलाय, सिंधूवर सिंधू. पण त्यांनी स्वतः मारलाय.

आक्काबाईच्या पायाला जप.

तुझी ताई